शिक्षण, भाषा, तंत्रज्ञान आणि जग: काय वाचावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी भाषा शिकवते. शिकवणाऱ्यांना, शिकवू पाहणाऱ्यांना आणि मुलांच्या काळजीने बेजार झालेल्या पालकांना पुस्तकं सुचवण्याचं काम कधी अंगावर आलं ते आठवत नाही, पण आता तेच ते प्रश्न फिरून फिरून येतात. म्हणून उत्तरं एकदा लिहून ठेवते. मतं माझी आहेत. पटली नाहीत तर पुस्तकं तरी वाचा.

शिक्षण, भाषाशिक्षण, तंत्रज्ञान आणि जागतिक घडामोडी. या चौघांची मोट कशाला बांधली?

मी बांधली नाही, ती बांधलेलीच होती. ४ ऑक्टोबर १९५७ ला सोव्हिएत संघाने स्पुतनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह अवकाशात सोडला. अमेरिकेला घाम फुटला. आपल्या शाळा मागे पडल्या म्हणून आपण मागे पडलो, असा सूर निघाला आणि वर्षभराच्या आत, सप्टेंबर १९५८ मध्ये, तिथे राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा आला. कायद्याच्या नावात 'संरक्षण' आहे, हे लक्षात घ्या. त्यातून विज्ञान आणि गणिताबरोबर परकीय भाषा शिकवण्यासाठीही सरकारी पैसा वाहू लागला. शाळाशाळांतून हेडफोन लावून वाक्यांचे साचे घोकायच्या भाषा-प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. घोकवून घेण्याची ही पद्धत दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना झटपट भाषा शिकवताना आकाराला आली होती, आणि तिला मानसशास्त्राचा आधार होता वर्तनवादाचा, म्हणजे सराव आणि बक्षीस यांतून सवय लागते आणि तेच शिकणं, असं मानणाऱ्या पंथाचा. त्या वर्तनवादाचा बिनीचा शिलेदार बी. एफ. स्किनर. त्याच्या भाषाविषयक पुस्तकाची भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्कीने १९५९ मध्ये एका परीक्षणात सालटी काढली, आणि काही वर्षांत त्या प्रयोगशाळांवर धूळ बसायला लागली.

आता यातलं शिक्षण कुठे संपलं आणि राजकारण कुठे सुरू झालं, सांगता येईल? मला येत नाही. भाषाशिक्षणाची पुस्तकं वाचणारे जगाचा इतिहास वाचत नाहीत आणि जगाच्या राजकारणावर तावातावाने बोलणारे वर्गात पाऊल टाकत नाहीत, ही माझी जुनी तक्रार आहे.

मला वेळ नाही. एकच पुस्तक सांगा.

दोन सांगते. एकच सांगायचं मी सोडून दिलं आहे, कारण एक पुस्तक वाचलेला माणूस त्या पुस्तकाचा वकील होतो. दोन वाचलेल्याला निदान न्यायाधीशाच्या खुर्चीत बसावं लागतं. म्हणून खाली बहुतेक पुस्तकं जोड्यांनी आलेली दिसतील: एक पुस्तक आणि त्याच्याशी भांडणारं, किंवा त्याची राहिलेली बाजू दाखवणारं दुसरं.

पहिली जोडी ही. इटलीत फ्लॉरेन्सजवळच्या डोंगरात बार्बियाना नावाची चिमुकली वस्ती आहे. तिथे डॉन लोरेन्झो मिलानी या धर्मगुरूने शाळेने नापास करून बाहेर टाकलेल्या मुलांसाठी शाळा चालवली. त्या शाळेतल्या आठ मुलांनी मिळून नापास करणाऱ्या बाईंना पत्र लिहिलं. ते १९६७ मध्ये पुस्तकरूपाने आलं आणि त्यानंतर काही आठवड्यांतच मिलानी वारले. मराठीत ते 'प्रिय बाई' या नावाने आहे. मुलं नुसती रडत नाहीत. नापास होणारी मुलं कोणाची, बापाचा धंदा काय, हे ती आकडे गोळा करून मांडतात. सरकारी अहवालाला लाजवील अशी ही मांडणी शेतकऱ्यांच्या पोरांनी केली आहे.

त्याच्या शेजारी डॅनियल विलिंगहॅम यांचं 'व्हाय डोन्ट स्टुडंट्स लाइक स्कूल?' (२००९) ठेवा. ते अन्यायाबद्दल काही बोलत नाही. डोकं कसं चालतं, एवढंच सांगतं. त्यातलं एक उदाहरण मी विसरू शकत नाही. गुलामगिरीतून पळणाऱ्यांचा इतिहास शिकवताना एका शिक्षकाने मुलांकडून बिस्किटं भाजून घेतली, कारण पळणाऱ्यांचं मुख्य खाणं ते होतं. विलिंगहॅम म्हणतात, मुलांनी इतिहासाचा विचार केला असेल मिनिटभरसुद्धा नाही, बाकी सगळा वेळ पीठ मोजण्यात गेला. ज्याचा विचार केला तेच लक्षात राहतं, आणि इथे विचार पिठाचा झाला. दरवेळी 'उपक्रम' म्हटलं की मला हे पीठ आठवतं.

मी शिक्षक नाही, पालक आहे. जड काही नको.

मग तेत्सुको कुरोयानागी यांचं 'तोत्तोचान' घ्या. जपानीत १९८१ मध्ये आलं, मराठीतही आहे. आगगाडीच्या डब्यांत भरणारी शाळा आणि पहिल्याच दिवशी एका चिमुरडीची बडबड चार तास ऐकून घेणारे मुख्याध्यापक. पालकांना ते फार आवडतं आणि तिथेच थोडी गडबड होते. पुस्तक मिटलं की 'अशी शाळा कुठे मिळेल?' हा शोध सुरू होतो. ती शाळा १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळून गेली, हे शेवटचं पान सगळे पटकन उलटतात.

म्हणून त्याच्या जोडीला गिजुभाई बधेका यांचं 'दिवास्वप्न' द्यायचं. मूळ गुजराती, १९३० च्या दशकाच्या आरंभीचं. यात स्वप्नातली शाळा नाही. साधी चौथीची इयत्ता आहे, कटकट करणारे सहकारी आहेत, डोक्यावर परीक्षा आहे. लक्ष्मीराम नावाचा शिक्षक मोठ्या उमेदीने शांततेचा खेळ घेतो आणि पहिल्याच दिवशी त्याचा पार फज्जा उडतो. वर्ग लवकर सोडून द्यावा लागतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला बसतो आणि मुलं ऐकतात. स्वतःचा पचका पहिल्याच प्रकरणात सांगणारी शिक्षणावरची पुस्तकं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतील.

ड्यूई, फ्रेअरी हे लोक कळत नाहीत. गाळले तर चालतील का?

अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांचं 'डेमोक्रसी अँड एज्युकेशन' (१९१६) सुरुवातीला गाळा. मी तीनदा सुरू केलं आणि तीनदा शंभराव्या पानाच्या आसपास हात टेकले. त्याऐवजी त्यांचंच 'एक्स्पीरियन्स अँड एज्युकेशन' (१९३८) घ्या. ते छोटंसं आहे, दोन संध्याकाळी पुरतात. गंमत म्हणजे यात ड्यूई स्वतःच्या भक्तांचे कान उपटतात. अनुभवातून शिक्षण म्हणजे मुलांना मोकाट सोडणं नव्हे, काही अनुभव माणसाला शिकण्यापासून दूरही नेतात, असं ते बजावतात. म्हणजे जोडी एकाच लेखकात मिळाली.

पाउलो फ्रेअरी यांचं 'पेडॅगॉजी ऑफ द ऑप्रेस्ड' गाळू नका, पण पहिल्या पानापासून वाचू नका. ब्राझीलमध्ये १९६४ ला लष्कराने सत्ता घेतली, फ्रेअरींना देश सोडावा लागला आणि चिलीत असताना १९६८ च्या सुमारास त्यांनी हे लिहिलं. दुसऱ्या प्रकरणात ती प्रसिद्ध बँक आहे: शिक्षक ठेवी भरतो, विद्यार्थी म्हणजे रिकामं खातं. आधी ते प्रकरण वाचा, मग मागे जा. आणि एक लक्षात ठेवा, फ्रेअरी निरक्षर शेतमजुरांना वाचायला शिकवत होते. त्यांचे शब्द घेऊन चकचकीत प्रशिक्षणवर्ग घेणाऱ्यांना हा तपशील आठवत नाही.

इव्हान इलिच यांचं, समाजाला शाळांच्या तावडीतून सोडवा म्हणणारं 'डीस्कूलिंग सोसायटी' (१९७१) तिशीच्या आत वाचलं तर डोक्यात भिनतं, नंतर वाचलं तर चिडचिड होते. दोन्ही अनुभव घेण्यासारखे आहेत.

'वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, स्वतः केलेलं ९० टक्के' हा तक्ता कोणत्या पुस्तकात आहे?

कोणत्याही भरवशाच्या पुस्तकात नाही. एडगर डेल यांनी १९४६ मध्ये अनुभवांचा एक शंकू काढला होता, त्यात एकही टक्का नव्हता. आकडे मागाहून कोणीतरी चिकटवले. इतके गोल आकडे पाहूनच संशय यायला हवा होता. मला आला नाही. मी हा तक्ता एका प्रशिक्षणात भिंतीवर लावून शिकवला आहे आणि टाळ्याही घेतल्या आहेत.

त्याचं सख्खं भावंड म्हणजे 'हा मुलगा पाहून शिकणारा, ती मुलगी ऐकून शिकणारी' ही वाटणी. हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये त्या विषयावरचं संशोधन तपासलं. मुलाच्या 'शैली'प्रमाणे शिकवल्याने तो जास्त शिकतो, असं म्हणण्याइतका पुरावा त्यांना सापडला नाही. मुलांच्या आवडी वेगळ्या असतात, हे खरंच. पण आवड म्हणजे शिकण्याची यंत्रणा नव्हे.

भाषा शिकवण्याची सर्वांत चांगली पद्धत कोणत्या पुस्तकात मिळेल?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला जातो आणि त्याचं उत्तर १९९० मध्येच देऊन झालं आहे. एन. एस. प्रभू यांच्या लेखाचं नावच 'देअर इज नो बेस्ट मेथड, व्हाय?' असं आहे. प्रभू हवेत बोलत नव्हते. १९७९ ते १९८४ या काळात त्यांनी बंगलोर प्रकल्प चालवला. साध्या शाळांमधल्या वर्गांत व्याकरणाचे पाठ बाजूला ठेवून मुलांपुढे कामं टाकली: वेळापत्रक वाचून गाडी शोधा, नकाशा पाहून रस्ता सांगा. काम सोडवताना भाषा आपसूक अंगी यावी ही कल्पना. त्याचा वृत्तांत 'सेकंड लँग्वेज पेडॅगॉजी' (१९८७) या पुस्तकात आहे. जगभर आज कार्याधारित भाषाशिक्षण म्हणून जे चालतं, त्याच्या मुळाशी हा प्रकल्प आहे.

पद्धत शोधणारा माणूसच शेवटी म्हणतो की सर्वोत्तम पद्धत असं काही नाही. मग काय आहे? शिक्षकाला आपण जे करतोय ते का चालतंय याची स्वतःची समज, आणि ती सतत घासूनपुसून घेण्याची तयारी. जी पद्धत शिक्षकाच्या हातात यांत्रिक झाली ती कितीही शास्त्रीय असली तरी मेलेली. मला हे पटायला दहा वर्षं लागली, कारण मला पद्धतच हवी होती. नवशिक्या शिक्षकाला ती हवीच असते, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

म्हणून जोडी अशी लावा: डायान लार्सन-फ्रीमन यांचं 'टेक्निक्स अँड प्रिन्सिपल्स इन लँग्वेज टीचिंग' (पहिली आवृत्ती १९८६) आधी. त्यात एकेका पद्धतीचा वर्ग डोळ्यांपुढे उभा केला आहे, तुम्ही मागच्या बाकावर बसून पाहताय असं वाटतं. ते संपलं की प्रभू.

व्याकरण शिकवूच नये, भरपूर ऐकू-वाचू द्यावं, हे खरं का?

हे स्टीफन क्रॅशन यांचं म्हणणं, जरा पातळ करून सांगितलेलं. त्यांचं 'प्रिन्सिपल्स अँड प्रॅक्टिस इन सेकंड लँग्वेज ॲक्विझिशन' (१९८२) त्यांनी स्वतःच इंटरनेटवर मोफत ठेवलं आहे. कळेल अशी, पण आपल्या पातळीच्या किंचित पुढची भाषा कानावर आणि डोळ्यांवर पडत राहिली की भाषा येते, नियम पाठ करून येत नाही, असा त्यांचा दावा. लिहितात इतकं सरळ की वाचताना मान आपोआप डोलते.

मान डोलत असतानाच मेरिल स्वेन यांचं १९८५ चं काम वाचायचं. कॅनडात १९६५ पासून इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना सगळे विषय फ्रेंचमधून शिकवणारे वर्ग सुरू झाले होते. त्या मुलांना वर्षानुवर्षं कळेल अशी फ्रेंच भरपूर मिळाली. त्यांना ऐकून आणि वाचून उत्तम समजायला लागलं. पण बोलताना आणि लिहिताना व्याकरणाच्या चुका तशाच राहिल्या. स्वेन म्हणाल्या, आत ओतणं पुरत नाही, बाहेरही काढायला लावलं पाहिजे. बोलायला गेल्याशिवाय आपल्याला काय येत नाही हे कळत नाही.

दोघांपैकी कोण बरोबर? माझ्या वर्गात दोघेही असतात, आणि वाचनाचा वाटा मोठा ठेवते.

परकी भाषा वाचता येण्यासाठी किती शब्द लागतात?

पॉल नेशन यांच्या २००६ च्या हिशोबाप्रमाणे इंग्रजी कादंबरी किंवा वर्तमानपत्र कोणाच्या मदतीशिवाय वाचायचं तर ८,००० ते ९,००० शब्दकुळं. 'कुळ' म्हणजे मूळ शब्द आणि त्याची पिलावळ मिळून एक. पानावरचे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावेत, हे त्यामागचं गृहीत. आकडा ऐकून बसकण मारू नका. पहिली दोनेक हजार कुळंच पानाचा मोठा भाग व्यापतात.

याला लागून सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांचं 'टीचर' (१९६३) वाचा. न्यूझीलंडमधल्या माओरी मुलांच्या शाळेत त्या प्रत्येक मुलाला विचारत: तुला कोणता शब्द हवा? तो शब्द जाड कार्डावर लिहून त्याच्या हातात देत. पाठ्यपुस्तकातला 'ये', 'बघ' महिनोन्‌महिने लक्षात न राहणारं पोर 'भूत' हा शब्द एका दृष्टिक्षेपात वाचायला शिके. नेशन आकडे सांगतात, वॉर्नरबाई त्या आकड्यांत जीव कुठून येतो ते.

मुलांना कोणत्या भाषेतून शिकवावं, यावर काय वाचू?

युनेस्कोच्या तज्ज्ञांचा १९५३ चा अहवाल आजही पाया म्हणून चालतो. शिक्षणाची सुरुवात मातृभाषेतून व्हावी, असं त्यात स्वच्छ म्हटलं आहे. सत्तर वर्षं सगळे माना डोलावतात आणि बहुतेकजण उलट करतात.

का करतात ते कळायला दोन आफ्रिकी लेखक शेजारी शेजारी बसवा. न्गुगी वा थ्योंगो यांचं 'डीकॉलनायझिंग द माइंड' (१९८६): केनियातल्या शाळेच्या आवारात गिकुयु बोलताना सापडलेल्या मुलाला छड्या बसत किंवा गळ्यात 'मी मूर्ख आहे', 'मी गाढव आहे' अशी पाटी अडकवली जाई. इंग्रजीत नाव कमावलेल्या न्गुगींनी पुढे गिकुयुत लिहायला घेतलं, आणि त्या भाषेतली पहिली कादंबरी तुरुंगात शौचालयाच्या कागदावर लिहिली. त्यांच्या समोर चिनुआ अचेबे. इंग्रजी आमच्या हातात आलीच आहे तर ती वाकवू, आमच्या अनुभवाचं ओझं तिला वाहायला लावू, असं त्यांनी १९६४ च्या भाषणात मांडलं. दोघांचंही वाचताना पटतं, आणि ती अस्वस्थता महत्त्वाची. शिक्षणाच्या माध्यमावर तासाभरात निकाल देणाऱ्यांनी या दोघांत एकदा सापडून बघावं.

हा प्रश्न फक्त वर्गातला नाही, हे सांगायला दोन तारखा पुरतात. २१ फेब्रुवारी १९५२ ला ढाक्यात बंगालीच्या हक्कासाठी रस्त्यावर उतरलेल्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. १६ जून १९७६ ला दक्षिण आफ्रिकेतल्या सोवेटोत आफ्रिकान्स या गोऱ्या सत्ताधाऱ्यांच्या भाषेच्या माध्यमाची सक्ती नको म्हणून निघालेल्या शाळकरी मुलांवर गोळीबार झाला. पहिली तारीख आज जागतिक मातृभाषा दिन आहे.

तंत्रज्ञानावरची पुस्तकं वर्षभरात शिळी होतात. वाचायची कशाला?

जी शिळी होतात ती वाचूच नका. शिळी न झालेली निवडा, म्हणजे बहुधा जुनीच. १९२२ मध्ये एडिसन म्हणाला होता की चलच्चित्र शिक्षणात क्रांती घडवील आणि पाठ्यपुस्तकांची जागा बरीचशी घेईल. लॅरी क्युबन यांच्या 'टीचर्स अँड मशीन्स' (१९८६) मध्ये हा किस्सा आहे. चित्रपट, रेडिओ, दूरचित्रवाणी, संगणक: दरवेळी तेच नाटक, फक्त नट बदललेले. आधी जल्लोष, मग फायदा सिद्ध करणारे अभ्यास, मग वर्गांतून निराशा, आणि शेवटी खापर शिक्षकांच्या माथी. पुस्तकात इंटरनेटचं नावही नाही, तरी कालपरवाच लिहिल्यासारखं वाटतं.

नुसतं क्युबन वाचलं तर माणूस कडवट होतो. म्हणून सीमोर पेपर्ट यांचं 'माइंडस्टॉर्म्स' (१९८०). संगणकाने मुलाला चालवण्याऐवजी मुलाने संगणकाला चालवावं, ही त्यातली कल्पना. लोगो या संगणकीय भाषेत पडद्यावरच्या कासवाला 'पुढे जा, वळ' सांगत मूल भूमिती स्वतः शोधून काढतं. इतकं उमेदीने भरलेलं पुस्तक या क्षेत्रात दुसरं नाही.

आणि या दोघांचं भांडण सोडवायला केंतारो तोयामा. बंगळुरूतल्या एका संशोधनशाळेत त्यांनी वर्षानुवर्षं गरिबांसाठी तंत्रज्ञान बनवलं आणि 'गीक हेरसी' (२०१५) मध्ये कबुली दिली: तंत्रज्ञान माणसांची इच्छा आणि कुवत यांचा गुणाकार करतं, स्वतःहून भर घालत नाही. चांगली शाळा अधिक चांगली होते, ढासळलेली आणखी ढासळते. पेरूने प्रत्येक मुलाला लॅपटॉप या योजनेखाली लाखो यंत्रं वाटली. मोठा अभ्यास झाला तेव्हा गणित आणि भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही.

युनेस्कोचा २०२३ चा जागतिक शिक्षण अहवाल याच विषयावर आहे. तो सगळा वाचायची गरज नाही, सारांश पुरतो.

आणि कृत्रिम बुद्धिमत्ता?

मागे जाऊन सुरुवात करा. जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ मध्ये एलायझा नावाचा गप्पा मारणारा प्रोग्राम लिहिला. आत काही नव्हतं, समोरच्याचंच वाक्य उलटवून प्रश्न विचारायचा. तरी त्यांच्या सचिव बाई त्याच्याशी बोलायला लागल्या आणि म्हणाल्या, तुम्ही जरा बाहेर जाता का? त्या धक्क्यातून पुढे 'कम्प्युटर पॉवर अँड ह्यूमन रीझन' (१९७६) आलं. यंत्राला काय जमतं याबरोबरच, जमलं तरी काय त्याच्या हाती देऊ नये, हा प्रश्न त्यात आहे.

यंत्र आतून कसं चालतं यासाठी मेलनी मिचेल यांचं 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स: अ गाइड फॉर थिंकिंग ह्यूमन्स' (२०१९). चॅटजीपीटीच्या आधीचं आहे, पण पाया पक्का करून देतं. मग २०२४ ची जोडी: ईथन मॉलिक यांचं 'को-इंटेलिजन्स' म्हणतं वापरा, शिका, सोबतीला घ्या. अरविंद नारायणन आणि सयाश कपूर यांचं 'एआय स्नेक ऑइल' म्हणतं की एआय या एका नावाखाली वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात, आणि माणसाचं भविष्य वर्तवण्याचा दावा करणाऱ्या वस्तूपासून सर्वांत सावध राहा. शिक्षकांनी कॅथी ओ'नील यांचं 'वेपन्स ऑफ मॅथ डिस्ट्रक्शन' (२०१६) जोडून घ्यावं. त्यात वॉशिंग्टनमधल्या एका शिक्षिकेची हकिगत आहे. मुख्याध्यापक आणि पालक दोघंही खूश, पण गुणांकनाच्या सूत्राने कमी आकडा दिला आणि नोकरी गेली. सूत्र कसं चालतं, हे कोणी तिला समजावून सांगू शकलं नाही.

मग पुस्तकाचा सारांश एआयकडूनच घेतला तर?

पुस्तक वाचायचं की नाही हे ठरवायला खुशाल घ्या. वाचनाऐवजी घेतलात तर बिस्किटांची गोष्ट आठवा: विचार कोणी केला?

रोज बातम्या पाहते. जगावरची पुस्तकं वेगळी कशाला?

वॉल्टर लिपमन यांचं 'पब्लिक ओपिनियन' (१९२२) एका बेटापासून सुरू होतं. १९१४ साल. बेटावर काही इंग्रज, फ्रेंच आणि जर्मन राहतात. तार पोचत नाही, डाकेची बोट दोन महिन्यांनी एकदा. सप्टेंबरात बोट येते तेव्हा कळतं की सहा आठवड्यांपूर्वीच युद्ध पेटलं. इतके दिवस ते मित्रांसारखे वागत होते आणि खरं तर शत्रू होते. लिपमन म्हणतात, आपण सगळे त्याच बेटावर आहोत. जगाशी नव्हे, जगाच्या आपल्या डोक्यातल्या चित्राशी आपण वागत असतो. बोट आता दर मिनिटाला येते, पण चित्र डोक्यातच बनतं.

दुसरं, बातमी 'काल काय झालं' सांगते. बार्बरा टकमन यांचं 'द गन्स ऑफ ऑगस्ट' (१९६२) दाखवतं की १९१४ मध्ये शहाणीसुरती माणसं वेळापत्रकं आणि अहंकार यांच्या मागे लागून खड्ड्यात कशी उतरली. पुस्तक आलं त्याच वर्षी, १९६२ च्या ऑक्टोबरात, क्यूबाच्या क्षेपणास्त्रांचा पेच उभा राहिला तेव्हा केनेडींच्या मनात हे पुस्तक होतं.

देश गरीब किंवा श्रीमंत का होतात, युद्धं का होतात? सोपं काही?

टिम मार्शल यांचं 'प्रिझनर्स ऑफ जिऑग्रफी' (२०१५). दहा नकाशे, डोंगर-नद्या-बंदरं, आणि त्यांनी बांधलेले राजकारण्यांचे हात. एका दमात संपतं आणि मग सगळीकडे भूगोलच दिसू लागतो. तो उतरवायला असेमोग्लू आणि रॉबिन्सन यांचं 'व्हाय नेशन्स फेल' (२०१२) घ्या. सुरुवातच नोगालेस शहराने होते. मधोमध कुंपण, एक अर्धं अमेरिकेत, दुसरं मेक्सिकोत. जमीन तीच, हवा तीच, आणि जगणं वेगळं, कारण संस्था, म्हणजे कायदे आणि राज्यकारभाराची घडी, वेगळ्या. भूगोलाचा माणूस निरुत्तर होतो, निदान तासभर.

भाषा शिकवणाऱ्यांनी बेनेडिक्ट अँडरसन यांचं 'इमॅजिन्ड कम्युनिटीज' (१९८३) चुकवू नये. छापखान्याने बोलींमधून एकेक छापील भाषा घडवली आणि एकमेकांना कधीही न भेटणाऱ्या वाचकांना 'आपण' वाटायला लावलं, असं त्यातलं एक मोठं सूत्र आहे. प्रमाणभाषेचं पाठ्यपुस्तक हातात घेताना मला ते दरवेळी आठवतं. तंत्रज्ञानवाल्यांसाठी क्रिस मिलर यांचं 'चिप वॉर' (२०२२).

आकड्यांची भीती वाटते.

हान्स रोस्लिंग यांचं 'फॅक्टफुलनेस' (२०१८) याच भीतीसाठी आहे. सुरुवातीला १३ प्रश्न. पहिलाच: गरीब देशांतल्या किती मुली प्राथमिक शाळा पूर्ण करतात, २०, ४० की ६० टक्के? उत्तर तेव्हा ६० होतं आणि सरासरी ७ टक्के लोकांनाच ते बरोबर आलं. चिंपांझीने डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी ३३ टक्के वेळा बरोबर आलं असतं, असं रोस्लिंग खोचकपणे म्हणतात.

खूश होऊन पुस्तक मिटण्याआधी जागतिक बँकेचा २०१८ चा विकास अहवाल उघडा. पूर्णपणे शिक्षणाला वाहिलेला तो पहिलाच. त्याचं मुख्य वाक्य एवढंच: शाळेत जाणं म्हणजे शिकणं नव्हे. रोस्लिंग दाखवतात की मुलगी शाळेत पोचली. अहवाल विचारतो, तिला वाचता येतं का? दोन्ही आकडे खरे आहेत.

हे सगळं विकत घ्यायचं?

नाही. ड्यूईचं १९१६ चं आणि लिपमन यांचं पुस्तक स्वामित्वहक्काबाहेर आहे. १९७१ पासून चालत आलेल्या प्रोजेक्ट गुटेनबर्गवर मिळतात. क्रॅशन यांनी स्वतः दिलंय. युनेस्को आणि जागतिक बँकेचे अहवाल मोफत आहेत. उरलेल्यांसाठी ग्रंथालय, आणि ग्रंथपालाशी मैत्री.

पुस्तक अर्धवट सोडलं तर?

सोडा. फक्त कोणत्या पानावर आणि का सोडलं ते शेवटच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवा. माझ्या ड्यूईच्या प्रतीत अशा तीन नोंदी आहेत.

लेखक साफ चुकला असं पुढे सिद्ध झालं तर त्याचं पुस्तक यादीतून काढता का?

उलट, वर घेते. ई. एच. कार यांचं 'द ट्वेंटी इयर्स क्रायसिस' आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या अभ्यासातलं पायाभूत पुस्तक आहे. ते १९३९ मध्ये, युद्ध सुरू होता होता बाहेर पडलं. त्यात कार यांनी हिटलरशी १९३८ मध्ये म्युनिकला झालेल्या, युद्ध टळावं म्हणून चेकोस्लोवाकियाचा लचका त्याला देऊन टाकणाऱ्या वाटाघाटींची भलामण केली होती. शांततेने बदल घडवण्याच्या सर्वांत जवळ जाणारं उदाहरण म्हणून. १९४६ च्या दुसऱ्या आवृत्तीत तो मजकूर गाळला. हातात येते ती बहुधा सुधारलेली आवृत्ती. जमलं तर १९३९ ची शोधा, आणि दोन्ही समोर ठेवून तेवढी पानं वाचा.